जाहीरनाम्यातला एक शब्द आणि हंसाबेन मेहता

स्त्री-हक्कांचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चे येतात, तुरुंग येतात, मताधिकारासाठी उपोषणाला बसलेल्या बायका येतात. ते सगळं खरंच आहे. पण आज मी तुम्हाला अशा जागी नेणार आहे जिथे आरडाओरडा नाही. लांबलचक टेबल आहे, टंकलिखित मसुदे आहेत, दुभाषे आहेत, आणि एका शब्दावर वाद चाललाय. काळ आहे १९४५ ते १९४८, आणि शब्द आहे इंग्रजीतला 'मेन'.

मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याचं पहिलं कलम बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत, प्रतिष्ठा आणि हक्क यांबाबत समान आहेत, असा त्याचा आशय. आजच्या इंग्रजी पाठात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' असे शब्द आहेत. पण डिसेंबर १९४७ च्या मसुद्यात तिथे 'ऑल मेन' होतं. ते आपोआप बदललं नाही.

तुम्ही म्हणाल, 'मेन' म्हणजे तिथे माणसंच की! हाच तर युक्तिवाद तेव्हाही होता: त्यात स्त्रिया गृहीतच आहेत. म्हणून आधी या 'गृहीत आहेत'चा हिशोब बघू. कायद्याच्या दारात गेल्यावर त्याचं काय होतं?

कॅनडापासून सुरुवात करू. तिथल्या १८६७ च्या घटनात्मक कायद्यानुसार सिनेटवर पात्र 'पर्सन्स', म्हणजे व्यक्ती, नेमता येत होत्या. अल्बर्टा प्रांतातल्या पाच स्त्रियांनी १९२७ साली प्रश्न विचारला की या 'व्यक्ती'मध्ये स्त्री येते का? त्यांच्यातल्या एमिली मर्फी १९१६ पासून न्यायदंडाधिकारी होत्या, आणि 'तुम्ही कायद्याने व्यक्तीच नाही' हे त्यांनी स्वतःच्या न्यायालयात वकिलांच्या तोंडून ऐकलं होतं. १९२८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं, नाही, येत नाही. कायदा झाला तेव्हा करणाऱ्यांच्या मनात स्त्रिया नव्हत्या. मग प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं, आणि १८ ऑक्टोबर १९२९ रोजी निकाल फिरला. स्त्री ही व्यक्ती ठरली. तारीख लक्षात ठेवा, फार जुनी गोष्ट नाही ही.

आता आपल्याकडे या. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, ऑक्सफर्डला जाऊन १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला मात्र १९२२ उजाडलं, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. परत आल्यावर वकिलीची सनद मिळेना. १९१६ साली रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाई कलकत्ता उच्च न्यायालयात गेल्या. कायद्यात 'पर्सन' शब्द होता. पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगही धरावं, असा सर्वसाधारण नियमही कायद्याच्या पुस्तकात होता. म्हणजे कागदावर सगळं ठीक! तरी निकाल विरुद्ध गेला. न्यायालयाचं म्हणणं, १८७९ साली वकिलीचा कायदा झाला तेव्हा स्त्रिया कोणाच्या ध्यानीमनीही नव्हत्या. शेवटी १९२३ साली खास कायदा करून स्पष्ट लिहावं लागलं, की निव्वळ स्त्री आहे म्हणून कोणाला वकिलीपासून रोखता येणार नाही.

म्हणजे बघा, बंधनं घालायची असली, कर वसूल करायचा असला, शिक्षा द्यायची असली, की स्त्री 'व्यक्ती'मध्ये बिनबोभाट येते. हक्क द्यायचा आला की न्यायालयं शब्दकोश उघडतात. १९४५ साली जगभरातल्या स्त्रिया नव्या जागतिक संघटनेकडे बघत होत्या तेव्हा हा अनुभव ताजा होता.

त्या वर्षी २५ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोत परिषद भरली. पन्नास राष्ट्रं, साडेआठशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यात स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर सह्या करणाऱ्या स्त्रिया फक्त चार: ब्राझीलच्या बर्था लुत्झ, डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिनर्वा बर्नार्डिनो, चीनच्या वू यी-फांग आणि अमेरिकेच्या व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह. भारताच्या अधिकृत शिष्टमंडळात एकही स्त्री नव्हती. ते शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेलं होतं. विजयालक्ष्मी पंडित सॅन फ्रान्सिस्कोत होत्या, पण परिषदेच्या बाहेर, स्वातंत्र्याची बाजू मांडत.

या चौघींचं एकमत असेल असं आपल्याला वाटतं. ते नव्हतं. लुत्झ यांचा पेशा प्राणिशास्त्रज्ञाचा, बेडकांवरच्या त्या नावाजलेल्या अभ्यासक, आणि ब्राझीलमधल्या मताधिकार चळवळीच्या नेत्या. सनदेत स्त्री-पुरुष समानता शब्दांत लिहिलीच पाहिजे, हा त्यांचा आणि बर्नार्डिनोंचा आग्रह. ऑस्ट्रेलियाच्या जेसी स्ट्रीट त्यांच्या बाजूला. गिल्डरस्लीव्ह मात्र न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या डीन, त्यांना हे अनावश्यक वाटत होतं. स्त्रियांसाठी वेगळं काही मागणं बरं दिसत नाही, असा सल्ला त्यांनी आपल्याला दिला, असं लुत्झ यांनी पुढे नोंदवून ठेवलंय. ज्या देशात स्त्रियांना मत मिळून पंचवीस वर्षं होत आली होती, तिथल्या प्रतिनिधीला वाटत होतं की प्रश्न सुटलाय. जिथे तो परवापरवापर्यंत पेटलेला होता, तिथल्या बायकांना लेखी हवं होतं.

शेवटी लेखी मिळालं. सनदेच्या प्रस्तावनेत स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचा उल्लेख आला, आणि आठव्या कलमात आलं की संघटनेतल्या कोणत्याही पदासाठी स्त्री-पुरुषांत भेद केला जाणार नाही. हे कलम तसं आकाशातून पडलेलं नव्हतं. १९१९ साली राष्ट्रसंघाच्या करारातही सातव्या कलमात तसं वाक्य होतं, आणि तेही पॅरिसला जमलेल्या स्त्रियांनी पाठपुरावा करून घातलेलं. प्रत्येक पिढीला ते पुन्हा मागावं लागलं, एवढं ध्यानात ठेवू.

आता हंसाबेन मेहतांकडे येतो. जन्म १८९७, सुरत. वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण, आजोबा नंदशंकर यांनी गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिलेली. घर मोठं, पण हंसाबेननी जातीबाहेर लग्न केलं, डॉ. जीवराज मेहतांशी. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या उभारणीच्या काळात जीवराजभाईंचं नाव फार महत्त्वाचं, आणि पुढे ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. हंसाबेनची कर्मभूमी बरीच वर्षं मुंबईच होती. परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निदर्शनं, तुरुंगवास, १९३७ नंतर मुंबईच्या विधिमंडळात काम. महर्षी कर्व्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आपल्या एसएनडीटीच्या, त्या १९४६ च्या सुमारास कुलगुरू होत्या. त्याच काळात अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष म्हणून भारतीय स्त्रियांच्या हक्क आणि कर्तव्यांची सनद तयार करण्यात त्या पुढे होत्या. मतदानापासून मालमत्तेपर्यंत आणि घटस्फोटापासून घरकामाच्या मोलापर्यंतचे प्रश्न त्या मंडळींनी आधीच घोळून ठेवले होते. त्यामुळे संयुक्त राष्ट्रसंघात गेल्या तेव्हा या बाई कोऱ्या पाटीने गेल्या नाहीत.

१९४७ च्या सुरुवातीला मानवी हक्क आयोगाचं काम सुरू झालं. सदस्य अठरा, त्यात स्त्रिया दोन: अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट आणि भारताच्या हंसा मेहता. जून १९४७ मध्ये मसुदा समितीत 'ऑल मेन'वर पहिला आक्षेप घेतला तो सोव्हिएत प्रतिनिधी कोरेत्स्की यांनी. रूझवेल्टबाईंचं म्हणणं होतं की हा शब्द सर्वांना सामावून घेतो, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही तो आहे, आणि आम्हा स्त्रियांना त्यातून वगळल्यासारखं कधी वाटलं नाही.

डिसेंबरात आयोगाची बैठक जिनिव्हाला झाली. तिथे हंसाबेननी हा मुद्दा धरून ठेवला. त्यांचं म्हणणं साधं होतं: 'मेन' लिहिलंत तर काही देशांत त्याचा अर्थ शब्दशः पुरुष असाच घेतला जाईल. डेन्मार्कच्या बोदिल बेगट्रूप त्यांच्या सोबत होत्या. स्त्रियांच्या दर्जाविषयीचा जो वेगळा आयोग १९४६ साली स्थापन झाला, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्ष. जिनिव्हात पूर्ण यश आलं नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये मसुदा बाहेर आला तेव्हा मात्र पहिल्या कलमात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' होतं.

रूझवेल्टबाईंना इथे खलनायिका करण्याचं कारण नाही. त्यांच्याशिवाय तो जाहीरनामा तडीस जाणं अवघड होतं. आणि हे पूर्व विरुद्ध पश्चिम असं सरळ भांडणही नाही, बेगट्रूप डॅनिश होत्या. बर्नार्डिनो ज्या सरकारच्या वतीने बोलत होत्या ते तर त्रुहियोच्या हुकूमशाहीचं सरकार होतं. इतिहासात माणसं अशी मिसळलेलीच भेटतात. तरीही एक गोष्ट ठळकपणे दिसते. स्त्रियांचे हक्क म्हणजे पश्चिमेने तयार केलेली आणि बाकीच्यांना वाटलेली वस्तू, हा समज या तीन वर्षांच्या कागदपत्रांपुढे टिकत नाही.

आणि हे नुसत्या पहिल्या कलमापुरतं नव्हतं. लिंगावरून भेदभाव नको, हे दुसऱ्या कलमात आणण्याचं श्रेय फ्रान्सच्या मारी-हेलेन लफोशो यांना दिलं जातं. विवाहात आणि विवाह मोडतानाही समान हक्क, या सोळाव्या कलमासाठी पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इक्रामुल्ला बोलल्या. बालविवाह आणि जबरीचे विवाह त्यांच्या डोळ्यांपुढे होते. भारताच्या लक्ष्मी मेनन यांनी समान हक्कांचा शब्दोच्चार पुन्हा पुन्हा व्हावा असा आग्रह धरला. फाळणीला जेमतेम वर्ष झालेलं, आणि पॅरिसमध्ये भारत-पाकिस्तानच्या दोन बायका एकाच बाजूने बोलत होत्या!

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसला जाहीरनामा मंजूर झाला. बाजूने ४८, विरोधात एकही नाही, तटस्थ आठ.

विजय पूर्ण होता का? नाही. पहिल्याच कलमाच्या शेवटी सर्वांनी 'बंधुभावाने' वागावं असं आहे. भगिनी तिथे पुन्हा गृहीतच! तेविसाव्या आणि पंचविसाव्या कलमांत वेतन आणि राहणीमान यांबद्दल लिहिताना इंग्रजी पाठ 'तो स्वतः आणि त्याचं कुटुंब' असंच म्हणतो. कमावणारा पुरुष, बाकीचं त्याचं कुटुंब. दार बदललं, आतली मांडणी बरीचशी जुनीच राहिली.

मराठीपुरतं एक सांगतो. आपल्याकडे 'माणूस' शब्द सोयीचा आहे. आपण 'बाईमाणूस' म्हणतो, 'गडीमाणूस' म्हणतो, दोन्हीत माणूस आहेच. तरी महात्मा फुल्यांना तेवढ्यावर भागवावंसं वाटलं नाही. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ते पानोपानी स्त्री आणि पुरुष असा दोघांचा वेगळा उल्लेख करतात, वाचताना खटकावं इतक्या वेळा. ती ढिलाई नाही. कोणी म्हणायला नको की बायका यात धरल्या नव्हत्या, म्हणून केलेला तो बंदोबस्त आहे. जिनिव्हाच्या छप्पन्न वर्षं आधी पुण्यात हे सुचलेलं होतं. आणि २००७ साली आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्यांना 'राष्ट्रपती' म्हणायचं की आणखी काही, यावर केवढी चर्चा झाली, ती तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल.

आता हमखास येणारा प्रश्न. शब्द बदलून पोटाला भाकरी मिळते का? लगेच नाही मिळत. पण शब्द कागदावर असला की कोणीतरी एके दिवशी तो हातात घेऊन न्यायालयात जाऊ शकतं. १९४८ च्या पायावर १९७९ साली स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार झाला. भारताने तो १९९३ मध्ये मान्य केला, काही अटी राखून. त्याच सुमारास राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या एका सरकारी ग्रामसेविकेवर, म्हणजे 'साथिन'वर, सामूहिक अत्याचार झाला होता. त्यातून 'विशाखा' खटला उभा राहिला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी त्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा यायला आणखी सोळा वर्षं लागली, २०१३. आज तुमच्या कार्यालयातल्या फलकावर तक्रार समितीच्या सदस्यांची नावं लावलेली असतात ना, त्या कागदाचं मूळ शोधत मागे गेलात तर वाटेत जिनिव्हातलं ते टेबल लागतं.

तेव्हा एवढं घेऊन जा. पुढच्या वेळी सोसायटीच्या नियमावलीत, संस्थेच्या घटनेत, गावच्या ठरावात कोणी म्हणालं, 'अहो, त्यात बायका आल्याच की, वेगळं कशाला लिहायचं?', तर शांतपणे म्हणा, आल्याच असतील तर लिहायला हरकत काय आहे? मग समोरचा काय उत्तर देतो ते ऐका. त्या उत्तरावरूनच कळेल, बायका खरंच आल्या होत्या की नाही.