नोंदीतून निसटलेले खुबे

'ब्रेस्ट मेन' हा १९९७ चा अमेरिकी दूरचित्रवाणीपट मी रायपूरला, तात्यापाऱ्यातल्या घरी पाहिला. ह्यूस्टनमध्ये १९६२ साली डॉ. थॉमस क्रोनिन आणि डॉ. फ्रँक गेरो यांनी सिलिकॉनचे पहिले स्तनरोपण केले. चित्रपटात नावे बदलली आहेत, कथा मात्र त्यांच्यावरच बेतलेली. आधी कुतूहल, मग पैसा, मग कोर्टकचेऱ्या. चित्रपट डॉक्टरांच्या भांडणातच जास्त रमतो, हे मला खटकले. पहिली शस्त्रक्रिया जिच्यावर झाली ती टिमी जीन लिंडसे इस्पितळात गेली होती छातीवरचे गोंदण काढायला. तिला स्वतःला दुरुस्त करून हवे होते ते कान! डॉक्टरांनी तेही करून दिले.

शरीरात बसवायच्या वस्तू विक्रीआधी तपासण्याचा कायदा अमेरिकेत १९७६ साली आला, म्हणजे चौदा वर्षांनी. १९९२ मध्ये सिलिकॉनच्या रोपणांवर कडक बंधने आली, १९९५ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे १९९९ च्या तज्ज्ञ अहवालाने सांगितले की या रोपणांमुळे सर्वांगाचे आजार होतात असा पुरावा नाही, पण ती फुटणे, भोवतालची जागा आकसून कडक होणे, पुन्हा शस्त्रक्रिया लागणे हे सारे खरे. २००६ मध्ये परवानगी परत मिळाली. हा उत्तरार्ध अर्थातच चित्रपटात नाही.

आपल्याकडे याच जातीचे मोठे प्रकरण घडले ते सौंदर्याचे नव्हे, खुब्याचे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा 'एएसआर' हा कृत्रिम सांधा. त्यात धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरे. घर्षणाने कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटत, आसपासचे मांस खराब करत आणि रक्तातही उतरत. ऑस्ट्रेलियात तो डिसेंबर २००९ मध्येच बाजारातून काढला गेला, जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर सुमारे ९३,००० लोकांच्या शरीरात तो बसला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईच्या माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. देशातला आयात परवाना रद्द झाला तो २०१२ मध्ये. केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली थेट २०१७ मध्ये. तिच्या अहवालातला एक आकडा डोक्यातून जात नाही: भारतात झालेल्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांपैकी ३,६०० च्या आसपास रुग्णांचा पत्ताच लागला नव्हता.

रायपूरला राहून मला हा आकडा समजतो. आमच्याकडची माणसे मोठ्या शस्त्रक्रियेला नागपूर-मुंबई गाठत आली आहेत. परतताना एक्स-रेची पिशवी आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर येते. सांध्याच्या खोक्यावरची क्रमांकाची चिठ्ठी इस्पितळाच्या फायलीत चिकटवलेली असते, ती तिथेच राहते. घर बदलते, फोन नंबर बदलतो. कंपनीने सांधा परत मागवला तरी निरोप पोचवायचा कुठे?

२०१८ च्या अखेरीस केंद्राने भरपाईचे सूत्र ठरवले: अपंगत्व आणि वय पाहून ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास. ती मागायची तर आपल्या खुब्यात एएसआरच आहे, हे आधी दाखवावे लागे.