गुप्तदान आणि बॅनर



माझं माहेर सांगलीकडचं आणि सासर अलिबागचं. दोन्हीकडच्या महिला मंडळांत एक वाद मात्र अगदी सारखा ऐकलाय. वह्यावाटप किंवा नेत्रतपासणी शिबिर ठरलं की एकजण म्हणते, "बॅनर छापू या." लगेच दुसरी म्हणते, "या हाताचं त्या हाताला कळू नये, बॅनर कशाला?"

आपल्या दशलक्षण धर्मांत उत्तम मार्दव दुसरा आणि उत्तम त्याग आठवा. मान हा कषाय आहे. पैशाचा लोभ सोडला आणि त्या बदल्यात मान कमावला, तर एक कषाय जाऊन दुसरा घरात आला, एवढंच. म्हणून गुप्तदानाला मोठेपणा. पण पूजेचे सवाल आपल्याकडे मोठ्याने बोलले जातात, मंदिराच्या भिंतीवर दात्यांची नावंही कोरलेली असतात. एकाने दिलेलं ऐकून दुसऱ्याला द्यावंसं वाटतं, हेही खरंच आहे.

हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडलेला नाही. अलिबाग, पेण, पनवेलला आपण रोटरी आणि लायन्स क्लबचे फलक बघतो. या क्लबांनी शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नावर डोकं घातलं होतं.

23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना जमवून रोटरी सुरू केली. सुरुवातीला हेतू मैत्रीचा आणि एकमेकांच्या धंद्याला हातभार लावण्याचा. 1907 मध्ये त्यांनी पहिलं लोकोपयोगी काम हाती घेतलं, ते शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून. क्लबने इतर संस्थांना एकत्र केलं आणि नगरपालिकेकडे मागणी लावून धरली. गरज चारचौघांत बोलून दाखवणं, हीच तिथे सेवा होती.

पुढे कामं वाढली तसे मतभेदही वाढले. 1923 मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात रोटरीने सामाजिक कामासाठी एक ठराव केला. त्यातलं सार आपल्या मंडळालाही लागू पडेल. प्रसिद्धी मिळेल म्हणून एखादं काम निवडू नये. पण चांगलं काम नीट पार पडलं तर त्याची योग्य प्रसिद्धी जरूर करावी. इतर संस्थांना सोबत घ्यावं आणि त्यांचं श्रेय त्यांना पूर्ण द्यावं, स्वतःचं थोडं कमी झालं तरी चालेल. मला तर यात मार्दवच दिसतं!

लायन्सचंही बघा. 1917 मध्ये सुरू झालेल्या या संघटनेसमोर 1925 मध्ये हेलन केलर बोलल्या. स्वतः अंध आणि बधिर असलेल्या या बाईंनी अंधांच्या कामाला वाहून घ्या, असं आवाहन केलं. लायन्सची नेत्रशिबिरं आज गावोगाव होतात, त्यामागे ते एक भाषण आहे. त्या दिवशी कुणी देणगीदाराचा सत्कार नव्हता, गरज असलेल्यांच्या वतीने मागणं होतं.

आता आपल्या बायकांचं. रोटरीत स्त्रियांना सभासद होण्याचा मार्ग जगभर मोकळा झाला तो थेट 1989 मध्ये. त्याआधी, 10 जानेवारी 1924 रोजी, मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंग यांनी रोटरी सभासदांच्या पत्नींना घेऊन इनर व्हील क्लब सुरू केला. काम बायका आधीपासून करतच होत्या, स्वतःचं नाव तेव्हा मिळालं. आपल्याकडेही पिशव्या भरणार आपण, चहा करणार आपण, आणि फोटोत पुढच्या रांगेत कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे. गुप्तदान आपण आवडीने करावं, ते आपल्यावर लादलेलं नसावं.

प्रसिद्धी कुणासाठी, याचं सर्वांत मोठं उदाहरण पोलिओचं. रोटरीने 1985 मध्ये जगभरातून पोलिओ घालवण्याचं काम अंगावर घेतलं. भारतात 1995 पासून देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. लस सरकारने दिली तरी कुठल्या रविवारी, कुठल्या बूथवर, कितव्या वर्षापर्यंतच्या बाळाला, हे घरोघरी कळायला हवं होतं. फलक लागले, भोंगे फिरले. जिथे लोकांच्या मनात शंका होती तिथे धर्मगुरूंनाच बोलायची विनंती केली गेली. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. 'दो बूंद जिंदगी की' सगळ्यांना आठवतं, देणगीदारांची नावं कुणाला आठवतात?

आमच्याकडे वालाच्या शेंगा घेऊन येणाऱ्या मावशींच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. गेल्या वर्षी जवळच मोफत तपासणी झाली, पण त्या गेल्याच नाहीत. म्हणाल्या, "ताई, पेपरात फोटू आला तवा कळलं." उद्घाटनाचा फोटो चार गावांत पोचला, शिबिराची तारीख एका वाडीतही पोचली नव्हती. तारीख चुकली तसं मावशींचं एक वर्ष अंधुक नजरेत गेलं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं, तेव्हाही हेच दिसलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, वीज गेली, फोन बंद पडले. ज्या वाडीवर पत्रे आणि ताडपत्री हवी होती, तिला ते सांगायलाच साधन नव्हतं. अशा वेळी कुठे काय हवंय ती यादी बाहेर नेणं, हेही दानच.

म्हणून मला वाटतं, दाता गुप्त असावा, दान गुप्त असू नये. आपल्या पुढच्या शिबिराचं असं करू या. बातमी आठ दिवस आधी आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचा फळा, एसटी स्टँड आणि कोळीवाड्यापर्यंत जाऊ दे, आपल्या ग्रुपवर नंतर. बॅनरवर तारीख, वेळ आणि जागा सर्वांत मोठ्या अक्षरात, मंडळाचं नाव खाली. घेणाऱ्याचा चेहरा फोटोत नको. लाज न वाटता घेता येणं, हेही एक अभयदान आहे. आणि शिबिर संपल्यावर किती जणांची तपासणी झाली, किती खर्च आला, हे मात्र सर्वांना सांगू या. हिशेब दिला की पुढच्या वेळी देणारे हात वाढतात.

तुमच्या मंडळात काय पद्धत आहे, जरूर कळवा.