शिष्यवृत्ती कुणाची आणि विषय कुणाचा?

बाबासाहेब परदेशात शिकले, हे आपण दर 14 एप्रिलला व्यासपीठावरून सांगतो. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन ही नावे आता वस्तीतल्या पोरांनाही पाठ आहेत. पण ते कोणत्या अटींवर गेले, मध्येच का परतले, पुन्हा कुणाच्या पैशावर गेले, हे क्वचितच कुणी सांगते. आजच्या आपल्या भांडणाचे मूळ त्या अटींमध्येच आहे, म्हणून आधी ते पाहू.

4 जून 1913 रोजी बडोद्यात करार झाला. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे आणि शिक्षण संपल्यावर भीमराव आंबेडकरांनी दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. सयाजीरावांचे ऋण आपण मानतोच. तरीही करार तो करारच. मुदत संपली की पैसा बंद, आणि नोकरी मात्र शिल्लक.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी काय केले ते पाहा. एम. ए.साठी प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहिला. 9 मे 1916 रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जात कशी जन्मली आणि कशी पसरली, याची मांडणी एका महार तरुणाने अमेरिकेतल्या विद्यापीठात केली. इथल्या कोणत्या विद्यापीठाने 1916 साली त्याला हे करू दिले असते? इथे तर त्याला संस्कृतसुद्धा शिकवायला नकार मिळाला होता, शाळेत फारसी घ्यावी लागली होती. अंतर माणसाला मोकळे करते. ज्या समाजाने तुम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच्याकडे दुरून आणि न दबकता पाहता येते. परदेशी शिक्षणाचा हा फायदा पदवीपेक्षा मोठा आहे, आणि व्यवस्थेला नेमका हाच खुपतो.

1916 मध्येच ते लंडनला आले. प्रा. सेलिग्मन यांनी कोलंबियाहून सिडनी वेब यांना ओळखपत्र दिले होते. एका विद्यापीठाने दुसऱ्या विद्यापीठाकडे विद्यार्थी सोपवायचा, हे आजच्या भाषेतले 'विद्यापीठीय सहकार्य' तेव्हा एका प्राध्यापकाच्या पत्रावर चालत होते. पण 1917 च्या मध्यावर बडोद्याची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. लंडन स्कूलने मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे: बडोद्याची नोकरी, पारशी विश्रामगृह, लाठ्या घेऊन आलेला जमाव आणि कामाठी बागेत काढलेले ते तास. कोलंबियाची पदवी घेतलेल्या माणसाला आपल्या देशात राहायला खोली मिळाली नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, आणि 1920 च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. मुदतीच्या आतच.

आता मुळशीकडे येतो. मी इथेच काम करतो, आणि त्याच वर्षांत इथे परदेशी शिष्यवृत्तीची दुसरी एक बाजू दिसत होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब तेव्हा लंडनमध्ये एम. एस्सी.चा प्रबंध पुरा करत होते. या लढ्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, हेही शिष्यवृत्तीवर विलायतेला गेलेले. मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन 1904 मध्ये ते एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथे ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केले आणि शिष्यवृत्ती गेली.

दोघांचीही शिष्यवृत्ती तुटली. एकाची बोलल्यामुळे, एकाची मुदतीमुळे. पण तुटल्यावर दोघे पडले कुठे? बापटांना लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांचे इंडिया हाऊस होते, पुढे पॅरिसची क्रांतिकारक मंडळी होती. घरची गरिबी असली तरी जातीचे आणि ओळखीचे जाळे हाताशी होते. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात, आपल्याकडे साध्या भाषेत 'आपली माणसं'. बाबासाहेबांना असे कोणतेही हाऊस नव्हते. त्यांची शिष्यवृत्ती थांबली की थेट विश्रामगृहाच्या दारात. बापटांच्या त्यागाबद्दल मला आदरच आहे. मावळातल्या कुळांसाठी ते तुरुंगात गेले, आणि बरेच जमीनमालक सावकार भरपाई घेऊन मोकळे व्हायला तयार असताना गेले. पण शिष्यवृत्ती रद्द होण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते, एवढेच मला म्हणायचे आहे.

या काळातले बॉनचे प्रकरणही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी 1921 मध्ये बाबासाहेबांनी स्वतः जर्मन भाषेत अर्ज लिहून बॉन विद्यापीठात प्रवेश मागितला. एप्रिल 1922 मध्ये नावही नोंदवले. पण लंडनचा प्रबंध आणि रिकामा खिसा यांत ते शिक्षण झालेच नाही, आणि 1923 च्या सुरुवातीला विद्यापीठाने नाव कमी केले. पैसे असते तर युरोपातल्या आणखी एका विद्यापीठात त्यांनी काय लिहिले असते, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

साम्राज्याच्या दुसऱ्या टोकालाही असेच घडत होते. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या वंशजांतली मोजकी मुले 'आयलंड स्कॉलरशिप' जिंकून इंग्लंडला जात. त्रिनिदादचा एरिक विल्यम्स 1932 मध्ये ऑक्सफर्डला गेला. शिकला गोऱ्यांच्या विद्यापीठात, आणि प्रबंध लिहिला गुलामांचा व्यापार कसा बंद झाला त्यावर. इंग्रजांच्या दयाबुद्धीपेक्षा त्यांचे आर्थिक हिशोब त्यामागे होते, असे त्याने दाखवले. त्यातून झालेले पुस्तक 1944 मध्ये अमेरिकेत छापले गेले. ब्रिटनमध्ये ते निघायला 1964 उजाडले. तोवर तो स्वतंत्र त्रिनिदाद-टोबॅगोचा पंतप्रधान झालेला होता! सेंट लुशिया बेटावरचा आर्थर लुईस 1933 मध्ये बाबासाहेबांच्याच लंडन स्कूलमध्ये आला, तिथला पहिला काळा अध्यापक झाला आणि 1979 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल घेतले. मधल्या काळात त्याने परत जाऊन वेस्ट इंडीजच्या विद्यापीठाची धुरा सांभाळली. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले, त्याच जातीचे हे काम. (जात हा शब्द इथे चांगल्या अर्थाने!)

बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवातून पुढचे पाऊल टाकले. राजाच्या मर्जीवर आणि मित्राच्या कर्जावर शिकण्याचा मार्ग हजारो पोरांसाठी चालणार नाही, हे त्यांना पक्के कळले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना ऑक्टोबर 1942 मध्ये त्यांनी लिनलिथगोंना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले आणि त्यात परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. त्यातून वर्षाला तीन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या. मेहेरबानीचे हक्कात रूपांतर झाले ते इथे. 1954-55 पासून केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि 2003 पासून महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती.

आणि 2022 च्या फेब्रुवारीत केंद्राने आपल्या योजनेच्या नियमांत एक ओळ घातली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. कारण दिले ते असे, की भारताचा अभ्यास करायला परदेशात जायची गरज काय, तज्ज्ञ तर इथेच आहेत. ऐकायला सरळ वाटते. पण हाच नियम 1913 च्या करारात असता तर 'कास्ट्स इन इंडिया' लिहिणाऱ्याला बोटीचे तिकीटच मिळाले नसते. इथले तज्ज्ञ कोण आहेत, आपल्या मुलीचा जातीवरचा प्रबंध तपासायला खुर्चीत कोण बसतो, तिला मार्गदर्शक मिळताना काय होते, हे विद्यापीठात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. श्रीमंताचे पोर बापाच्या पैशावर हार्वर्डमध्ये भारताचा इतिहास शिकू शकते. बंदी फक्त आपल्या पोरांना. गंमत अशी की त्याच वर्षी जानेवारीत कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या 23 कॅम्पससाठी भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. तिकडची विद्यापीठे जात समजून घ्यायला तयार झाली आणि इथून ती समजावून सांगू शकणाऱ्याच्या वाटेत दगड टाकला.

जागांचे म्हणाल, तर केंद्राच्या योजनेत सगळ्या देशासाठी 125 जागा, त्यांतल्या 115 अनुसूचित जातींना. 2025 च्या यादीत 106 जणांची निवड झाली आणि सुरुवातीला 40 जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे सांगितले गेले. विद्यापीठाचे सत्र काही निधीसाठी थांबत नाही.

आमच्या मुळशीत लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस आहे, फ्लेम आहे. तिथे परदेशी मुले शिकायला येतात, करार होतात. चांगलेच आहे. त्याच डोंगराखालच्या बौद्ध वस्त्यांतून एखादी एम. ए. झालेली मुलगी अर्ज भरायला बसते, तेव्हा तिचा पहिला प्रश्न पैशांचा नसतो. ती विचारते, "दादा, विषयात 'जात' लिहू की 'सामाजिक वंचितता' लिहू?" मी तिला शब्द बदलायला सांगत नाही. अर्जासोबत मंत्रालयाला एक वेगळे पत्र लिहू, असे सांगतो: विषयाची अट काढा, आणि निवड झालेल्याला प्रवेशाच्या तारखेआधी पत्र द्या. ही पत्रे आम्ही पौडमधून पाठवतो आहोत. आपापल्या तालुक्यातून तुम्हीही पाठवा. मसुदा हवा असेल तर कळवा.

जय भीम.