वाटा

सारसोळ्याच्या कोळणीकडून सुकट आणली की मला आजीच्या तोंडून ऐकलेल्या चान्या आठवतात. मेलेल्या ढोराच्या मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, पावसाळाभर पुरवायच्या. गावाने महारवाड्याला दिलेली ही पोटगी! दुष्काळांचा इतिहास लिहिणाऱ्यांना चान्या दिसत नाहीत.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे सोडायला सांगितले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. आणि हल्ला कधी झाला? काही प्रतिनिधी मंडपात जेवत असताना. ते अन्न मातीत मिसळले गेले. जातीने घाव घातला तो ताटावर.

आमच्या गावीही मृतमांस सुटले. मान ताठ झाली. पण ढोर पडले की वाटे पडत, त्यात विधवेचा, आजाऱ्याचाही वाटा निघे, असे आजी सांगे. ते सुटल्यावर कोरडी भाकरी जो तो आपापल्या चुलीपाशी खाऊ लागला. अंग रोडावले, बोलणे कमी झाले. अभिमानाने रक्त वाढत नाही, हे लिहायला आम्ही कचरतो. तरी आजीने चान्यांची आठवण काढली ती हळहळीने नव्हे.

सिडकोची स्थापना १९७० ची. तिच्या शहरात आता मी राहतो. मासळी हे इथल्या खाडीचे मूळ अन्न. तरी सुकट भाजताना मी खिडकी लावून घेतो आणि एकटाच जेवतो. त्या दिवशी जेवण अंगी लागत नाही.