पोर्ट वाइनचा दीर्घ संचय आणि खरेदी थांबविण्याचा निर्णय : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : पोर्ट वाइन, डोरो खोरे, मेथुएन करार, तळघर, संचय, वारसा

१. प्रस्तावना

मानवी समाजाच्या आर्थिक व सामाजिक इतिहासात संचयाला महत्त्वाचे स्थान आहे. धान्य, सोने, जमीन आणि ग्रंथ यांच्या संचयाविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र संचय कोठे थांबवावा, या प्रश्नाकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. पोर्तुगालमधील डोरो नदीच्या खोऱ्यात तयार होणारी पोर्ट ही मद्यार्क मिसळून टिकाऊ केलेली वाइन या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिचा ‘व्हिन्टेज पोर्ट’ हा श्रेष्ठ प्रकार खरेदीनंतर साधारणतः वीस वर्षे तळघरात ठेवून मग प्यायचा, असा संकेत ब्रिटिश समाजात रूढ झाला. वस्तू परिपक्व होण्यास वीस वर्षे लागत असतील, तर खरेदीदाराला स्वतःच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब कधी ना कधी करावाच लागतो.

प्रस्तुत लेखात पुढील तीन बाबींचा विचार केला आहे : (१) पोर्टच्या दीर्घ संचयाची प्रथा कोणत्या ऐतिहासिक कारणांनी निर्माण झाली, (२) खरेदी थांबविण्याचा प्रश्न विसाव्या शतकात व्यक्तिगत का झाला, आणि (३) हा निर्णय कोणत्या निकषांवर घेता येतो.

२. दीर्घायुषी वाइनची घडण

पोर्टचे दीर्घायुष्य हे केवळ निसर्गाचे देणे नाही. राजकीय करार, व्यापारी गरज आणि तांत्रिक बदल यांतून ते घडले. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड व फ्रान्स यांच्यातील वैरामुळे इंग्रज व्यापाऱ्यांना फ्रेंच वाइनला पर्याय शोधावा लागला. १७०३ च्या मेथुएन कराराने इंग्लंडच्या लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली आणि त्या बदल्यात पोर्तुगीज वाइनवरील जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक-तृतीयांशाने कमी ठेवण्यात आली. मागणी वाढताच भेसळही वाढली. त्यावर उपाय म्हणून पोर्तुगालचा प्रधानमंत्री मार्क्विस ऑफ पोम्बाल याने १७५६ मध्ये नियंत्रक कंपनी स्थापन केली आणि डोरो खोऱ्यातील द्राक्षक्षेत्राच्या सीमा निश्चित केल्या. सीमा दर्शविण्यासाठी ग्रॅनाइटचे खांब रोवण्यात आले. शासनाने आखून दिलेल्या जगातील सर्वांत जुन्या द्राक्षक्षेत्रांत याची गणना होते. २००१ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

प्रारंभी सागरी प्रवासात वाइन टिकावी म्हणून तीत थोडा मद्यार्क घालत. पुढे तो किण्वन चालू असतानाच घालण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे किण्वन थांबते, द्राक्षातील साखर शिल्लक राहते आणि मद्यार्काचे प्रमाण १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जाते. आज यासाठी सुमारे ७७ टक्के तीव्रतेचा द्राक्षमद्यार्क वापरतात आणि तो एकूण द्रवाच्या साधारण एक-पंचमांश असतो. या पद्धतीला विरोध करणारेही होते. डोरो नदीचा तपशीलवार नकाशा तयार करणारे इंग्रज व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर यांनी १८४४ मध्ये पुस्तिका लिहून मद्यार्क मिसळण्यावर टीका केली. १८६१ मध्ये त्याच नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला. काळाने मात्र त्यांच्या विरोधकांच्या बाजूने कौल दिला.

दुसरा निर्णायक बदल बाटलीचा होय. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील फुगीर बुडाची बाटली आडवी ठेवता येत नसे. शतकाच्या उत्तरार्धात लांबट, सरळ बाजूंची बाटली प्रचारात आली. आडव्या बाटलीत बूच ओले राहते व हवा आत शिरत नाही. साखर, मद्यार्क, द्राक्षसालीतील तुरट द्रव्ये आणि घट्ट बूच या चार गोष्टी एकत्र आल्यावरच वाइन दशकानुदशके बाटलीत पक्व होऊ शकली. व्हिन्टेज पोर्टसाठी आजचा नियमही यावरच बेतलेला आहे. एकाच वर्षाच्या उत्तम द्राक्षांची ही वाइन कापणीनंतरच्या दुसऱ्या ते तिसऱ्या वर्षाच्या दरम्यान, म्हणजे कोवळी व तुरट असतानाच, बाटलीत भरली जाते. पुढची प्रतीक्षा खरेदीदाराने करायची असते.

३. तळघर, वारसा आणि हवामान

ही प्रतीक्षा ब्रिटिश उच्चवर्गीय कुटुंबांनी आपल्या जीवनक्रमात सामावून घेतली. मूल जन्मले की पित्याने किंवा धर्मपित्याने त्याच्या जन्मवर्षाची पोर्ट घेऊन ठेवावी व ते सज्ञान होईल तेव्हा, म्हणजे एकविसाव्या वर्षी, ती उघडावी, अशी प्रथा होती. कधी कधी ‘पाइप’ नावाचे संपूर्ण पिंपच घेतले जाई. निर्यातीच्या मापाने त्यात सुमारे ५३४ लिटर, म्हणजे आजच्या पाऊण लिटरच्या सातशेहून अधिक बाटल्या होतात. आठवड्याला एक बाटली उघडली, तरी हा साठा तेरा वर्षांहून अधिक पुरतो. एवढी खरेदी एका माणसाच्या गरजेसाठी नव्हे, तर घराण्यासाठी असे, हे या हिशेबावरून स्पष्ट होते. कोकणात आजोबांनी लावलेल्या फणसाची फळे नातवंडे खातात. फणस लावताना आजोबा आपले वय मोजत नाहीत. घर आणि तळघर पुढील पिढीकडे जाणार हे गृहीत असल्यामुळे पोर्टच्या बाबतीतही ‘थांबावे कधी’ हा प्रश्न तीव्रतेने उपस्थित होत नसे.

ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील महाविद्यालयांत हीच वृत्ती संस्थेच्या पातळीवर दिसते. तेथील तळघरांसाठी अध्यापकांपैकीच एखादा सदस्य वा समिती खरेदी पाहते. आज घेतलेली पोर्ट बहुधा पुढच्या पिढीतील अध्यापकांच्या भोजनगृहात उघडली जाते आणि आजचे अध्यापक पूर्वसुरींनी घेतलेली पितात. व्यक्ती निवृत्त होते, संस्था होत नाही. म्हणून संस्थेला खरेदीची वयोमर्यादा नसते.

या प्रथेला आणखी एक अट होती, ती म्हणजे बारा-तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहणारे थंड तळघर. उष्ण हवेत व्हिन्टेज पोर्ट अकाली वृद्ध होते. म्हणूनच अठराव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रजांनी उष्णता सोसणाऱ्या मदिरा वाइनला पसंती दिली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे मदिरा बेटावर पिंपे चढवीत. उष्ण कटिबंधातून प्रवास करून परतलेल्या मदिरेला तर इंग्लंडमध्ये विशेष मान होता. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. तेथे ‘पोर्ट’ हे नाव आजही परिचित आहे. परंतु त्या नावाने विकली जाणारी स्थानिक गोड तांबडी वाइन लगेच पिण्यासाठी असते. नाव गोव्यात रुजले, वीस वर्षांच्या प्रतीक्षेची प्रथा रुजली नाही.

४. विसाव्या शतकातील स्थित्यंतर

विसाव्या शतकात या प्रथेचा सामाजिक आधार ढासळला. दोन महायुद्धे, वाढते वारसाकर, मोठ्या वाड्यांची मोडतोड आणि नोकरवर्गाचा अभाव यांमुळे घराण्याचे तळघर दुर्मीळ झाले. व्यापाराचे स्वरूपही बदलले. पूर्वी पोर्ट पिंपातून ब्रिटनला येई व तेथील व्यापारी ती बाटल्यांत भरीत. १९४५ ची वाइन युद्धोत्तर परिस्थितीमुळे पोर्तुगालमध्येच भरली गेली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सर्व व्हिन्टेज पोर्ट तेथेच भरणे बंधनकारक झाले. १९३१ चे उदाहरणही बोलके आहे. त्या वर्षी वाइन उत्तम असूनही जागतिक मंदीमुळे बहुतेक व्यापाऱ्यांनी ते उत्पादनवर्ष घोषित केले नाही. किंता दो नोव्हालने मात्र घोषणा केली आणि तिची ती वाइन पुढे ख्यातकीर्त झाली. ग्राहकाची साठविण्याची ऐपत किंवा इच्छा संपली, तर उत्तम वाइनही अडून राहते, हे यातून दिसते.

दुसरीकडे, साठा विकण्याची सोय निर्माण झाली. १९६६ मध्ये ख्रिस्टीज या लिलावसंस्थेने मायकेल ब्रॉडबेन्ट यांच्या नेतृत्वाखाली वाइनचे लिलाव पुन्हा सुरू केले. दुसऱ्याने वीस वर्षे सांभाळलेली बाटली त्यामुळे विकत घेता येऊ लागली. ब्रिटिश करव्यवस्थेतही या दीर्घायुष्याची दखल आहे. पन्नास वर्षांपेक्षा कमी आयुष्याची वस्तू क्षयशील मानून तिच्या विक्रीवरील भांडवली नफ्याला सामान्यतः सूट मिळते. परंतु काही वाइन त्याहून अधिक काळ टिकतात, हे करविभागाच्या मार्गदर्शनात मान्य केले असून त्यासाठी पोर्ट व तत्सम वाइनचा विशेष उल्लेख आहे. वाइनचे आयुष्य खरेदीदाराच्या उरलेल्या आयुष्याहून मोठे असू शकते, याची ही एक प्रकारे शासकीय नोंदच होय.

५. खरेदी थांबविण्याचे निकष

घराणे मागे पडून एकटा खरेदीदार उरला, तेव्हा प्रश्न अंकगणिताचा झाला. २०१६ व २०१७ ही लागोपाठची वर्षे बहुतेक प्रमुख व्यापाऱ्यांनी घोषित केली. सर्वसाधारण घोषणा दहा वर्षांत साधारण तीनदा होत असल्याने ही घटना अपवादात्मक होती. २०१६ ची वाइन २०१८ मध्ये घोषित झाली, तेव्हा साठ वर्षांचा असलेला ग्राहक तिच्या विसाव्या वर्षी, २०३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होईल. ती तिशीत अधिक उत्तम होणार असेल, तर त्याला अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत थांबावे लागेल.

परंतु केवळ वय हा निकष अपुरा आहे. आधीचा साठा व वार्षिक वापर यांचे प्रमाण अधिक महत्त्वाचे ठरते. समजा, साठ वर्षांच्या गृहस्थाकडे एकशे वीस बाटल्या आहेत आणि वर्षाला सहा उघडल्या जातात. हा साठा त्याला ऐंशीव्या वर्षापर्यंत पुरेल. नवी खरेदी परिपक्व होईल तेव्हा जुनीच नुकती संपत आलेली असेल. येथे थांबणे युक्त ठरते. याउलट त्याच वयाच्या ज्या गृहस्थाकडे पंधराच बाटल्या आहेत, त्याने सरसकट थांबण्याचे कारण नाही. मात्र त्याने कोवळ्या वाइनऐवजी पक्व वाइन घेणे हिताचे आहे. वापर कायम राहील, हे गृहीतकही तपासून पाहावे लागते. उघडलेली व्हिन्टेज पोर्ट काही दिवसांतच संपवावी लागते. मित्रमंडळी विरळ होतात, वैद्य बंधने घालतात. मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजेच उतारवयात हिशेबातील वार्षिक वापराचा आकडा घटतो आणि थांबण्याचे वय अलीकडे सरकते.

तिसरा निकष वारसाचा आहे. मुलांना पोर्टची आवड आहे काय, त्यांच्या घरी थंड जागा आहे काय, हे न विचारता केलेला संचय भेट न ठरता ओझे ठरू शकतो. ज्याला वारस आहे व त्याची संमती आहे, त्याच्यापुरती जुनी प्रथा आजही अर्थपूर्ण आहे.

थांबणे म्हणजे पोर्टचा त्याग नव्हे. पिंपात पक्व होणारी टॉनी पोर्ट दहा, वीस, तीस वा चाळीस वर्षांच्या निर्देशासह मिळते. तिच्या बाबतीत प्रतीक्षा व्यापाऱ्याने केलेली असते. चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरलेली व्हिन्टेज पोर्टही सहसा लगेच पिता येते. अर्धी बाटली लवकर पक्व होते व लहान कुटुंबाला सोयीची पडते. शिवाय १९९० च्या दशकापासून अधिक शुद्ध मद्यार्क वापरात आल्याने कोवळी व्हिन्टेज पोर्टही पूर्वीइतकी दुःसह राहिलेली नाही.

या संदर्भात दोन लेखकांची उदाहरणे उद्बोधक आहेत. एडिंबरा विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक जॉर्ज सेंट्सबरी यांनी आपल्या तळघराच्या नोंदवहीवर आधारित पुस्तक १९२० मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध केले. त्यातील बहुतांश वाइन तोवर संपलेल्या होत्या. उरली होती ती नोंद. दुसरे आंद्रे सिमों. १९७० मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या तळघरात बोर्दोच्या लाल वाइनच्या दोनच मोठ्या बाटल्या शिल्लक होत्या, असे सांगितले जाते. ती वाइन पोर्ट नव्हती. परंतु साठा आणि आयुष्य यांचा मेळ घालण्याचा आदर्श म्हणून हे उदाहरण वारंवार दिले जाते.

६. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पोर्टचा दीर्घ संचय ही करार, मद्यार्क, बाटली व तळघर यांच्या संयोगातून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडलेली सामाजिक प्रथा आहे. दुसरा, घराणे व संस्था हे या प्रथेचे स्वाभाविक धारक होते; घराणे दुर्बल झाल्यावर थांबण्याचा प्रश्न व्यक्तीपुढे उभा राहिला. तिसरा, या प्रश्नाला ठरावीक वयाचे उत्तर नाही. साठा, वार्षिक वापर, परिपक्वतेचा काळ आणि इच्छुक वारस या चार घटकांच्या हिशेबातून ते प्रत्येकाला मिळवावे लागते.

खरेदी थांबविणे हे निराशेचे लक्षण मानण्याचे कारण नाही. ज्याने थांबण्याची वेळ ओळखली, त्याला साठविलेले उघडण्याची व इतरांबरोबर वाटून घेण्याची सवड मिळते. ती वेळ ज्याने ओळखली नाही, त्याच्या बाटल्या लिलावात अनोळखी हातांत जातात. संचयाच्या इतिहासात मिळविण्याबरोबरच उपभोगण्याच्या व देण्याच्या वेळेचाही विचार व्हावयास हवा, हे या लहानशा उदाहरणावरून दिसून येते.