श्रम, बैठक आणि आहार

बदलापूर हें नांव कसें पडलें याविषयीं त्या भागांत एक लोककथा सांगतात. सुरतेच्या वाटेवरील मराठी स्वार येथें थकलेले घोडे बदलीत, म्हणून तें बदलापूर. कथेला कागदोपत्रीं आधार किती, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तींत एक गोष्ट निःसंशय खरी आहे. पूर्वीं प्रवास म्हणजे श्रम होता, आणि तो घोड्यालाही होता व स्वारालाही होता. आज त्याच बदलापुराहून मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचें सुमारें ६८ किलोमीटरांचें अंतर हजारों माणसें रोज कापतात. पण त्यांत त्यांच्या स्नायूंच्या वांट्यास काम फारच थोडें येतें. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर यांचा इतिहास राजवटी, देवळें आणि कारखाने यांच्या अंगानें लिहितां येतो, तसा तो माणसाच्या शरीराच्या अंगानेंही लिहितां येईल. तसा तो पाहिला म्हणजे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हीं नांवें आज घरोघर कां ऐकूं येतात, याचा कांहीं उलगडा होतो.

अंबरनाथचें शिवमंदिर शिलालेखाप्रमाणें शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील. तेव्हांपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत या खोऱ्यांतील जीवन मुख्यतः शेतीचें होतें. सखल जमिनींत भात, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, भात निघाल्यावर वाल, जोडीला नदीची मासळी. भाताचा तांदूळ होण्यास उखळ व मुसळ लागे, नाचणीचें पीठ होण्यास जातें लागे. म्हणजे घांस तोंडांत पडण्यापूर्वीं बाहूंनीं त्याची किंमत मोजलेली असे. पुढें गिरणी आली तेव्हां दोन गोष्टी एकदमच गेल्या. तांदळावरचा कोंडा गेला आणि कांडणाऱ्या हातांचे श्रमही गेले. आहार आणि व्यायाम हे आज वैद्यकाचे दोन निराळे विषय झाले आहेत. त्या काळीं ते एकाच उखळांत नांदत होते. मात्र त्या काळाला सुवर्णयुग समजूं नये. श्रम पुष्कळ आणि अन्न अपुरें, अशी बहुतेकांची स्थिति होती, आणि अर्धपोटीं राहून आवणीच्या चिखलांत वांकणाऱ्या गर्भवतीच्या हालांची नोंद तिच्या मुलांच्या शरीरांत राहत होती. या नोंदीकडे आपल्याला पुढें पुन्हां यावयाचें आहे.

इ. स. १८५४ मध्यें आगगाडी कल्याणास पोहोंचली आणि १८५६ मध्यें ती बदलापुरावरून खोपोलीपर्यंत गेली. १९२३ मध्यें स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला निघाला. शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखानाही तेथें उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी पडली. फाळणीनंतर सुमारें एक लाख सिंधी निर्वासित त्याच छावणीच्या बराकींत येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ति राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीचें उल्हासनगर झालें. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनीं दुकानें, शिलाई आणि लहान कारखाने यांवर नवा संसार उभा केला. तो पराक्रम होता यांत शंका नाहीं. पण दुकानाची गादी काय किंवा शिवणयंत्र काय, दोन्हीं बैठीं कामें. पुढें पायानें चालणाऱ्या यंत्रालाही विजेची मोटर लागली. २०११ च्या जनगणनेंत उल्हासनगराची वस्ती पांच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाख आणि बदलापुराची पावणेदोन लाखांच्या आसपास भरली. त्यांतील पुष्कळांचा दिवस कचेरींतील आठ तास आणि गाडींतील जातां-येतां सुमारें तीन तास असा जातो. गाडींत उभें राहावें लागतें हें खरें; पण गर्दींत दाटून उभें राहणें म्हणजे हालचाल नव्हे.

बसण्यापासून रोग होतो, ही कल्पना मात्र आजची नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत प्रमेहाचीं कारणें सांगतांना आरंभींच बसण्याचें सुख आणि झोंपेचें सुख यांची गणना केली आहे, व मग दहीं, दूध, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचीं नांवें येतात. सुश्रुतानें प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यजन्य असे दोन भेद केले. निर्धन रोग्यानें जोडा व छत्री टाकून शंभर योजनें चालावें, असा उपायही त्यानें सांगितला. जव, सांवा यांसारखीं भरड धान्यें त्यांच्या पथ्यांत होतीं. प्रमेह आणि आजचा मधुमेह तंतोतंत एक नव्हेत. तरीही बैठक, श्रम आणि अन्न यांचा त्रिकोण आपल्या वैद्यांच्या दृष्टीस आला होता, हें मान्य केलें पाहिजे.

त्या निरीक्षणाला मोजमापाची जोड मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर चालक दिवसभर बसे आणि वाहक रोज सुमारें ६०० पायऱ्या चढे. जेरी मॉरिस यांनीं १९५३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत वाहकांमध्यें हृदयविकार चालकांपेक्षां बराच कमी आढळला. पुढें त्यांनीं गणवेशांचीं मापेंही तपासलीं. चालकांच्या विजारी कमरेंत अधिक रुंद होत्या, आणि तरुण चालकांतही हा फरक होता. तेव्हां सगळा दोष आसनाच्या माथीं मारतां येत नाहीं, ही शंका त्यांनीं दडवून ठेविली नाहीं. १९५६ मध्यें आपल्याच देशांतील एका पाहणीनें याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. जीन मेयर आणि त्यांचे सहकारी यांनीं बंगालच्या एका तागगिरणींतील २१३ माणसांचें खाणें, वजन आणि काम तपासलें. मेहनतीच्या कामावरील माणसें कामाच्या मानानें अधिक खात व सडपातळ राहत. परंतु अगदीं बैठ्या कामावरील लोकांचें खाणें श्रमाबरोबर कमी झालेलें नव्हतें. उलट तें वाढलेलें होतें, आणि वजनही वाढलेलें होतें. भूक ही श्रमाची विश्वासू कारकून आहे. पण श्रम एका मर्यादेखालीं गेले म्हणजे ती खोटा हिशेब लिहूं लागते.

याचें कारण आतां पुष्कळसें कळलें आहे. जेवणानंतर रक्तांत येणारी साखर सांठविण्याचें सर्वांत मोठें कोठार म्हणजे आपले स्नायु. त्यांचें दार इन्सुलिन उघडतें. पण स्नायु हलूं लागला कीं तें दार इन्सुलिनवांचूनही कांहीं अंशीं उघडतें. माणूस बसून राहिला म्हणजे मांड्यांचे मोठे स्नायु स्वस्थ पडतात, रक्तांतील साखर व स्निग्धांश उचलण्याचें त्यांचें काम मंदावतें, आणि तो भार यकृतावर व पोटांतील चरबीवर पडतो. ऑस्ट्रेलियांत २०१२ मध्यें १९ स्थूल प्रौढांवर एक साधा प्रयोग झाला. सलग बसण्याऐवजीं त्यांनीं दर वीस मिनिटांनीं उठून दोन मिनिटें हळूहळू चालावें, एवढेंच. त्यानें खाण्यानंतरची साखरेची चढ सुमारें एक-चतुर्थांशानें उतरली. दहा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र करून २०१६ मध्यें असें दिसलें कीं, आठ तासांहून अधिक बैठकीचा वाढीव धोका पुसून टाकण्यास रोज ६० ते ७५ मिनिटांचा मध्यम व्यायाम लागतो. म्हणजे सकाळच्या दहा मिनिटांच्या फेरीनें दिवसभराच्या खुर्चीचें ऋण फिटत नाहीं.

आतां त्या अर्धपोट मातेकडे वळूं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचें ३.५ किलो. पण आपल्या बालकांत उणीव होती ती स्नायूंची. त्वचेखालची चरबी त्या मानानें राखलेली होती. २००४ मध्यें याज्ञिकांनीं लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह आपलें स्वतःचेंच उदाहरण प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु चरबीचें प्रमाण युडकिन यांचें ९.१ टक्के आणि याज्ञिकांचें २१.२ टक्के. पिढ्यान् पिढ्यांच्या उपासमारीनें घडलेलें हें शरीर पोटभर अन्नाच्या आणि दिवसभर बैठकीच्या जगांत आलें, म्हणजे तें बाहेरून कृश दिसूनही आंतून रोगास वश होतें. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीप्रमाणें देशांत सुमारें १०.१ कोटि लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारें १३.६ कोटि लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

निराशेचें मात्र कारण नाहीं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनीं अशाच उंबरठ्यावरील ५३१ जणांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसता सर्वसाधारण सल्ला दिला त्यांतील ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनीं रोज अर्धा तास चालून साखर, मैदा व तेलतूप आवरलें त्यांत हें प्रमाण ३९ टक्क्यांवर थांबलें. विशेष हें कीं, वजनांत फारसा फरक पडला नव्हता. कांटा हलला नाहीं म्हणून प्रयत्न व्यर्थ गेला, असें समजूं नये.

तेव्हां या तीन गांवांतील, आणि त्यांच्यासारखेंच जीवन जगणाऱ्या इतर शहरांतील, कुटुंबांनीं हे तीन हिशेब वेगवेगळे मांडावेत. व्यायामानें बैठकीचें सगळें ऋण फिटत नाहीं, आणि पथ्यानें व्यायामाची उणीव भरून निघत नाहीं. स्टेशनापासून घरापर्यंत रिक्षाऐवजीं पायीं यावें, कचेरींत अर्ध्या तासानें उठावें, रात्रीच्या जेवणानंतर थोडें चालावें. पांढऱ्या तांदळाचा वांटा कमी करून नाचणी, वरी आणि डाळी यांना ताटांत जागा द्यावी. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरांवर गेला असेल, तर अंगकाठी बारीक असली तरी रक्त तपासून घ्यावें. आणि सर्वांत अधिक लक्ष घरांतील मुलीकडे द्यावें. तिला पोटभर सकस अन्न, मोकळें मैदान आणि पुढें गर्भारपणीं पोषण व विसांवा मिळाला, तर ज्या शरीराचा इतिहास आज सांगितला तें तिच्या मुलांच्या पिढींत बदलूं शकेल. तें काम कोणत्याही औषधाच्या दुकानांत होणार नाहीं. तें स्वयंपाकघरांत आणि अंगणांतच व्हावयाचें आहे.