एका छपराला किती सह्या?

तारापूर म्हटलं की अणुवीज केंद्र. देशातलं पहिलं, १९६९ सालचं. सुरुवातीला २१० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ४२० मेगावॉट (पुढे क्षमता प्रत्येकी १६० वर आणली, ते सोडा).

आता शेजारच्या बोईसर-पालघरमधल्या एखाद्या घरावर ३ किलोवॉटचं सोलर बसवलंय असं धरा. कागदावर ४२० मेगावॉट गाठायला अशी १ लाख ४० हजार छपरं लागतील. सूर्य रात्री सुट्टीवर असतो, त्यामुळे युनिटं कमीच मिळतील. पण गंमत वेगळीच आहे. तिकडे प्रकल्प एक, इकडे अर्ज १ लाख ४० हजार! प्रत्येक अर्जामागे इंजिनियरचा फक्त एक तास धरला तरी बघा. आपल्या भाषेत सांगायचं तर ही प्रोसेस स्केल होत नाही.

मग ती अशी का होती? कारण कायदे मोठ्या केंद्रांसाठी लिहिलेले होते. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्यात नवं वीज केंद्र उभारायला वीज मंडळाची लेखी पूर्वसंमती लागायची. २००३ च्या कायद्यानं वीजनिर्मितीचं लायसन्स काढून टाकलं. पण ग्रिडला जोडायचं म्हटलं की कागद आलेच.

महाराष्ट्रात छपरावरच्या सोलरसाठी नेट मीटरिंगचे नियम आले २०१५ मध्ये. दुपारची जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, ती बिलातून वजा. नियमांमागच्या दोन भीती मात्र अगदी खऱ्या होत्या.

पहिली, ट्रान्सफॉर्मरची. २०१५ च्या त्या नियमांत त्याच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच सोलर जोडता यायचं. म्हणजे १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर अशी साधारण १३ घरं. चौदाव्याला वेगळा लोड स्टडी लागायचा.

दुसरी, लाइनमनची. पावसाळ्यात झाड पडून तार तुटली, सप्लाय बंद केला, माणूस खांबावर चढला आणि कुणाच्या तरी छपरावरून लाइनमध्ये करंट आला तर? म्हणून ग्रिड गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप बंद व्हावा लागतो. (लाइट गेल्यावर ऐन उन्हातही असं सोलर चालत नाही, ते याचमुळे.)

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं ग्राहक हक्क नियम बदलले. १० किलोवॉटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा. मंजूर भार वाढवायची गरज असेल तर ते वीज कंपनीनंच करायचं. करार, मीटर आणि यंत्रणा सुरू करून देणं, यांची मुदत ३० दिवसांवरून १५ वर आली.

थोडक्यात काय, तपासणी संपली नाही, तिची जागा बदलली. जी खात्री आधी कागदावरची सही द्यायची, ती आता बरीचशी इन्व्हर्टरनं द्यायची आहे. म्हणून 'परवानग्या कमी करा' म्हणताना एक भान हवं. वेळ खाणारी सही जरूर काढा, पण इन्व्हर्टरचं सर्टिफिकेट आणि अर्थिंग यांच्याशी तडजोड नको. स्वस्तातल्या कोटेशनमध्ये नेमकं हेच कापलं जाऊ शकतं, आणि त्याची किंमत खांबावरचा माणूस मोजेल.

फ्लॅटवाल्यांचा प्रश्न उरतोच. गच्ची सगळ्यांची, त्यामुळे सोसायटीची मीटिंग आली. तिथे तरी कुठलाही नियम १५ दिवसांची मुदत घालू शकत नाही :)